गूढापुढील नम्रता: रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई आणि बालकवी यांच्या संबंधांतून दिसणारी मराठी ख्रिस्ती श्रद्धा

प्रास्ताविक

जळगावहून भुसावळकडे जाताना भादली नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक लागते. ५ मे १९१८ रोजी या ठिकाणी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, यांचा रेल्वेखाली मृत्यू झाला. त्यांच्या वयाला अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. या घटनेनंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, रेव्हरंड नारायण वामन टिळक मुंबईत निवर्तले. दोघांच्या वयांत एकोणतीस वर्षांचे अंतर होते. एक ख्रिस्ती उपदेशक होता, तर दुसऱ्याने बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. असे असूनही मराठी कवितेच्या इतिहासात ही दोन नावे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, आणि या दोघांना जोडणारे तिसरे नाव लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे.

या तिघांच्या वाङ्मयाचा विचार मराठीच्या अभ्यासकांनी भरपूर केला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न थोडा निराळा आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्म वादविवादाच्या भाषेत बोलत होता. टिळक दांपत्याच्या काळात ही भाषा बदलली. तिचा स्वर कशामुळे बदलला आणि त्या बदलाचा पुरावा कोठे शोधावा? प्रस्तुत लेखात असे मांडावयाचे आहे की, जीवनातील जे उलगडत नाही त्याच्यासमोर वागण्याच्या रीतीत हा पुरावा अधिक स्पष्टपणे दिसतो, धर्मग्रंथांच्या मंडनात तितका दिसत नाही. या रीतीला नम्रता म्हणता येईल. मात्र नम्रता हा स्वभावाचा गुण मानून चालणार नाही, कारण टिळकांचा स्वभाव नम्र होता असे त्यांची पत्नीही म्हणत नाही.

वादाची परंपरा

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. दोन्ही बाजूंनी शास्त्रार्थ केले, प्रश्नोत्तरे झाली आणि ती छापलीही गेली. त्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःस्थितीचे कळकळीने चित्रण करणाऱ्या या पुस्तकाचा शेवटही धर्मांतराच्या उत्तराकडे जातो. नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये आला. शास्त्रीबुवांची विद्वत्ता निर्विवाद होती. विशेष असे की, दुसऱ्यांच्या दर्शनांतील दोष इतक्या खात्रीने दाखविणारा हा माणूस स्वतःच्या आयुष्यात मात्र शंकांनी कायम ग्रासलेला होता आणि एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्याकडे वळला. त्यांच्या ग्रंथांत ही व्याकुळता फारशी उतरली नाही. त्या काळाच्या वादपद्धतीत तिला जागा नव्हती. प्रतिपक्षाला शंका दिसली तर वाद हरला असे समजले जाई.

दोन्ही पक्षांना या पद्धतीत एक गोष्ट समान होती: जीवनाच्या प्रत्येक प्रश्नाला आपल्या धर्मात उत्तर आहे, हे गृहीत होते. मृत्यू का येतो, निरपराध का भोगतो, एकाला सुख आणि दुसऱ्याला दुष्काळ का, या प्रश्नांना एका बाजूला कर्मसिद्धांत तयार होता आणि दुसऱ्या बाजूला मूळ पाप व उद्धार. खुद्द बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात मात्र या तयार उत्तरांचीच झडती घेतली आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची कारणे सांगत बसतात आणि अखेरीस ईश्वराचा रोष त्या मित्रांवर होतो. ईयोबाला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, प्रत्यक्ष देवाचे दर्शन मिळते. वादविवादाच्या काळातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या पुस्तकाचा हा अर्थ फारसा जाणवत नाही.

टिळकांचा मार्ग

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे झाला. संस्कृतचे अध्ययन, कीर्तन, अध्यापन, नियतकालिकांचे संपादन अशा अनेक वाटा त्यांनी चोखाळल्या आणि एकाही वाटेवर ते फार काळ स्थिरावले नाहीत. १८९३ मध्ये नोकरीनिमित्त राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना ‘नव्या करारा’ची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना प्रथम खिळवून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीने धर्म बदलल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्या माहेरच्या नात्यागोत्यात होत्या, आणि पुढची काही वर्षे त्यांनी पतीविना काढली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी व स्वयंपाक वेगळा राहिला. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद ईश्वराने केलेला नसून माणसाने केला आहे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतंत्रपणे उगवला, आणि तोही राहुरीच्या मुक्कामात, घरातल्या रोजच्या व्यवहाराच्या ओघात. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याच सुमारास पडलेल्या छप्पन्नच्या दुष्काळात टिळकांच्या घरी अनाथ मुलांचा राबता सुरू झाला. दुष्काळ का पडला याचे धार्मिक स्पष्टीकरण ‘स्मृतिचित्रे’त शोधू गेल्यास हाती लागत नाही. मुलांना काय खाऊ घातले, कोणी काय उपद्व्याप केला, पैसे कसे पुरेनासे झाले, हे मात्र मिळते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. टिळकांचा संताप, त्यांचा लहरीपणा, पैशाच्या बाबतीतील बेफिकिरी, घरात काही नसताना असेल ते दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवय, हे सर्व लक्ष्मीबाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. मिशनच्या चरित्रकारांनी रंगविलेला शांत संत आणि ‘स्मृतिचित्रे’तील टिळक यांत फार अंतर आहे, आणि प्रस्तुत लेखकाला हे दुसरे टिळक अधिक विश्वसनीय वाटतात. अशा माणसाच्या ठिकाणी दिसणारी नम्रता उपजत असणे शक्य नाही. ती कष्टाने, वारंवार चुकत, मिळविलेली आहे.

ती कोठे दिसते? पहिली जागा म्हणजे अभंग. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत आलो, अशी टिळकांची स्वतःची धारणा होती. एका नवख्रिस्त्याने हे म्हणणे त्या काळी साधे नव्हते. जो धर्म सोडला त्यात अंधार होता असे सांगण्याची अपेक्षा मिशनच्या व्यासपीठांवर असे. टिळकांनी वारकरी परंपरेतील छंद, तिचा देवाशी असलेला सलगीचा सूर आणि स्वतःला कमी लेखण्याची भाषा घेतली व ‘अभंगांजली’ची रचना केली. संस्कृत वृत्तांवर उत्तम प्रभुत्व असलेल्या कवीने कीर्तनातील टाळकऱ्याची भाषा पत्करणे, हा वाङ्मयीन निर्णय होता आणि धार्मिकही. अभंगात वाद घालता येत नाही असे नाही, तुकोबांनी तो पुष्कळ घातला. पण तेथे वाद बहुधा देवाशी असतो किंवा स्वतःशी. पाश्चात्त्य स्तोत्रांच्या भाषांतरांना सरावलेल्या मराठी मंडळ्यांत टिळकांची गीते रुजली, आणि ‘उपासनासंगीता’त ती आजही गायिली जातात.

दुसरी जागा १९१७ सालची आहे. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून टिळकांनी संन्यस्त जीवन पत्करले व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते. कोण आत आणि कोण बाहेर हे ठरविण्याचा अधिकार चर्चच्या नोंदवहीकडे राहू नये, अशी त्यामागची दृष्टी होती. १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या व्यक्तीने हा निर्णय घेतला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील विचारावर उपदेश पुष्कळ होतात. टिळकांनी तो विचार आपल्या हुद्द्यावर आणि पगारावर लागू केला.

जळगाव, १९०७

या सर्व वाटचालीत खानदेशचा संबंध आला तो कवितेमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी खानदेश ही मराठी कवितेची एक महत्त्वाची भूमी होती, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाङ्मयेतिहासांत एखाद्या वाक्यात आटोपली जाते. जळगावला नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ हे फक्त कवितेला वाहिलेले मासिक चालवीत होते आणि ते १९३५ पर्यंत टिकले. केशवसुत १८९८ ते १९०४ या काळात फैजपूरला शिक्षक होते. त्यांचा टिळकांशी परिचय त्यापूर्वी नागपूरला झालेला होता. ऐतिहासिक कवितेने नाव मिळविलेले कवी विनायक हे जन्माने धुळ्याचे. बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावला झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने त्यांचे बालपण बदलीच्या गावांत गेले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, फडणिसांच्या पुढाकाराने जळगावला महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले.

अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. कीर्तिकर हे शल्यविशारद आणि वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा सहलिखित ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये बाहेर पडला. अवघ्या सोळा वर्षांच्या ठोंबऱ्यांची कविता ऐकून त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली गेली ती याच संमेलनात. फुलांची नावे शास्त्राने जाणणाऱ्या माणसासमोर फुलांशी बोलणारा मुलगा उभा राहिला, ही गंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय बाब दुसरीच आहे. धर्मांतराला जेमतेम बारा वर्षे झालेले टिळक या संमेलनात परके नव्हते. ज्या ब्राह्मण समाजातून ते बाहेर पडले होते त्याच समाजातील कवी व रसिक त्यांना ज्येष्ठ कवी म्हणून मानीत होते. १८५७ च्या समुद्रकिनाऱ्यावर समोरासमोर उभे असलेले दोन पक्ष पन्नास वर्षांनी जळगावात एका बैठकीवर बसले होते, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल. बेटीव्यवहाराच्या भिंती तशाच होत्या आणि रोटीव्यवहाराच्याही फारशा ढासळलेल्या नव्हत्या. पण कवितेच्या बैठकीत कोणी कोणाला जिंकावयाचे नव्हते, एवढे नक्की.

नगरचे घर

टिळकांनी ठोंबऱ्यांना आपल्याकडे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) नेले. हा मुलगा त्यांच्या कुटुंबाचाच झाला. पुढे काही काळ तो तेथील मिशनच्या शाळेत शिक्षकही होता. ‘स्मृतिचित्रे’त ठोंबऱ्यांचे जे चित्र येते ते एखाद्या प्रतिभावंताचे म्हणून येत नाही. घरात रुसणारा, हट्ट करणारा, लाडावलेला आणि मधूनच कोमेजून जाणारा एक मुलगा, असे ते चित्र आहे. लक्ष्मीबाई त्याची समजूत काढतात, त्याच्यावर रागावतात आणि त्याची थट्टा करतात. कवी म्हणून त्याचे मूल्यमापन करण्याच्या भानगडीत त्या पडत नाहीत.

या घरात राहून बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. ही साधी वस्तुस्थिती इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिली आहे. मिशनच्या दृष्टीने हे अपयश मानले जाईल. धर्मांतराकडे संशयाने पाहणाऱ्यांना ही गोष्ट सोयीची नसते, कारण मिशनच्या छपराखाली राहणारा, मिशनच्या शाळेत शिकवणारा, परिस्थितीने ओढग्रस्त आणि मनाने हळवा असा तरुण बाटल्यावाचून राहिला, हे त्यांच्या चौकटीत बसत नाही. टिळकांना ठोंबऱ्यांनी ख्रिस्ताकडे यावे असे वाटत नसेल असे मानण्याचे कारण नाही. ते उपदेशक होते आणि आपली श्रद्धा त्यांनी कधी लपविली नाही. परंतु माणसाच्या मनात ईश्वर कोणत्या वेळी काय करील हे आपल्या हातात नाही, ही जाणीव त्यांना स्वतःच्या घरातच आली होती. लक्ष्मीबाईंचे वेगळे पाणी त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. ज्याने पत्नीसाठी थांबण्याची सवय लावून घेतली, तो या मुलासाठीही थांबला, असे अनुमान येथे काढता येते. मी ते काढतो, परंतु ते अनुमान आहे.

बालकवींची कविता या काळात आणि नंतर दोन टोकांना गेली. एका टोकाला ‘फुलराणी’ व ‘श्रावणमास’ यांचा प्रसन्न निसर्ग आहे, तर दुसऱ्या टोकाला ‘औदासीन्य’ आणि ‘पारवा’ या कवितांतील अनाम उदासी. या उदासीला कारण सापडत नाही, हीच तिची व्यथा. समीक्षकांनी तिचा संबंध दारिद्र्याशी, कौटुंबिक कलहाशी, प्रकृतीशी जोडला आहे. ही सर्व कारणे त्यांच्या आयुष्यात होतीही. तरी त्यांची बेरीज करून ती कविता हाती येत नाही.

भादली

मृत्यूची हकिगत थोडक्यात सांगितली जाते ती अशी. स्थानकाजवळ रूळ ओलांडताना, गाडी येत असल्याचे उशिरा ध्यानात आल्याने किंवा ती दुसऱ्या रुळावरून जाईल अशा समजुतीने हा अपघात घडला. एका कथनात तारेत अडकलेल्या चपलेचा उल्लेख येतो. त्याच वेळी ही आत्महत्या असावी, असा तर्कही तेव्हापासून आजपर्यंत चालत आला आहे. त्या तर्काला पुरावा म्हणून बहुधा त्यांच्या कवितांचाच दाखला दिला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध असावे. कवितेतील मृत्यूची ओढ हा कवितेचा पुरावा आहे, रुळावरील घटनेचा नव्हे.

एम.फिल.च्या मौखिकीत प्रस्तुत लेखकाला हाच प्रश्न विचारला गेला होता: अपघात की आत्महत्या, संशोधकाने निर्णय दिला पाहिजे. प्रबंधात मी तो दिलेला नव्हता. तेव्हा पुराव्याअभावी निर्णय देता येत नाही, असे काहीसे अवघडलेले उत्तर मी दिले आणि ते पळवाटीसारखे ऐकू आले असावे. पुढे अनेक वर्षे या प्रश्नाने पाठ सोडली नाही. खानदेशात बालकवींवरील कोणत्याही कार्यक्रमात श्रोत्यांतून तो येतोच. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. एखादा सुंदर लिहिणारा माणूस सत्ताविसाव्या वर्षी असा का गेला, याला काही तरी अर्थ असावा, अशी ती मागणी असते. अपघात म्हटले की ते निरर्थक वाटते, आत्महत्या म्हटले की निदान कवितेशी जुळते. आपल्याला जुळणारी गोष्ट हवी असते.

हाच मोह दुसऱ्या बाजूनेही होतो. रेल्वेच्या डब्यात टिळकांना ‘नवा करार’ मिळाला आणि रेल्वेखालीच त्यांचा मानसपुत्र गेला, या योगायोगात एखादा भाविक काही सूत्र शोधू शकेल. या लेखाची टिपणे काढताना ते वाक्य मीही एकदा लिहिले आणि मग खोडले. त्या काळी खानदेशातील प्रवास रेल्वेनेच होत असे, याहून अधिक त्यात काही नाही.

१९१८ ते १९१९ हा काळ मराठी कवितेला फार जड गेला. मे १९१८ मध्ये बालकवी, २३ जानेवारी १९१९ रोजी बालकवींचे स्नेही राम गणेश गडकरी म्हणजे गोविंदाग्रज, आणि ९ मे रोजी टिळक. त्याच दरम्यान इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर लाखो माणसे नेली. याच दशकात, १९१६ मध्ये, अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली होती आणि अंतिम सत्याविषयी वेदान्ताची चर्चा तेथे गंभीरपणे सुरू झाली होती. धरणगावपासून अमळनेर फार दूर नाही. एकाच मुलखात, एकाच दशकात, जीवनाच्या कोड्याला बुद्धीने भिडणारी एक संस्था उभी राहत होती आणि त्याच कोड्यात एक कवी नाहीसा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कसलाही संबंध नाही, पण दोन्ही एकाच नकाशावर पाहिल्या की खानदेशाच्या त्या दशकाची कल्पना येते.

लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तेव्हा या सर्व मृत्यूंना पंधरा वर्षे उलटली होती. ख्रिस्ती श्रद्धेने जगलेल्या स्त्रीने अशा प्रसंगी ईश्वरी योजनेची भाषा वापरली असती तर कोणी नवल केले नसते. धार्मिक चरित्रांचा तो रूढ प्रघातच आहे. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. ठोंबरे त्यांच्या पुस्तकात आहेत ते जिवंतपणी जसे होते तसे. त्यांचे रुसवे आहेत, त्यांचे हसणे आहे. त्यांच्या जाण्याचा अर्थ लावून दाखविण्याची जबाबदारी लेखिकेने अंगावर घेतलेली नाही. त्यांच्या श्रद्धेत काही उणीव होती म्हणून असे झाले, असे म्हणता येणार नाही. मृत अपत्यांचे दुःख, विरह, उपासमार, वैधव्य या सर्वांतून गेलेली ही श्रद्धा होती. तिला देवाच्या वतीने उत्तर देण्याची गरज वाटत नव्हती. ईयोबाच्या मित्रांची चूक तिने केली नाही.

एक मर्यादा

टिळक-बालकवींची ही कथा सुशिक्षित, ब्राह्मण घरांतून आलेल्या माणसांची आहे, हे मान्य केले पाहिजे. खानदेशातील ख्रिस्ती धर्माचा मोठा भाग निराळ्या वाटेने आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पश्चिम खानदेशात, आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, स्कँडिनेव्हियन देशांतून आलेल्या मिशनऱ्यांनी भिल्ल, मावची आदी समाजांत काम उभे केले. नवापूर परिसरातील मंडळ्या त्या कामातून वाढल्या. त्या श्रद्धेजवळ ‘स्मृतिचित्रे’ नाही. तिची साधने मिशनचे अहवाल, दवाखान्यांच्या व शाळांच्या नोंदी आणि मावचीतील गाणी अशा स्वरूपाची आहेत. अहवालांत आकडे असतात आणि आकड्यांना नम्र होता येत नाही. दुष्काळात, तापाच्या साथीत, सावकारी पाशात सापडलेल्या माणसाने नव्या देवापुढे काय मागितले आणि काय मिळाले नाही तरी तो तेथे का टिकला, हे त्या गाण्यांतून कदाचित कळेल. आमच्या महाविद्यालयांत या भागातून येणारे विद्यार्थी आहेत. आजी-आजोबांकडून ही गाणी उतरवून घेण्याचे काम त्यांच्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही, आणि गाणारी पिढी दरवर्षी कमी होत आहे. या विषयावर एखादा लघुसंशोधन प्रकल्प उभा राहणे तातडीचे आहे.

‘ख्रिस्तायन’

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. संतकवींनी रामकथा व कृष्णकथा ज्या छंदात घरोघरी नेली त्याच छंदात येशूची कथा सांगावी, अशी त्यांची आकांक्षा होती. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. हे काम पुढे नेण्यास कोणी अधिकारी कवी शोधावा, असे कोणालाही वाटले असते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडूनच अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. पांडित्याची भीड न बाळगता आणि टिळकांच्या शैलीची नक्कल न करता, आपल्या घरगुती मराठीत त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. महाकाव्य अपुरे राहिले याचे स्पष्टीकरण देण्याऐवजी त्या उरलेल्या कामाला बसल्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, तेव्हाही ग्रंथ पूर्ण झालेला नव्हता. शेवटचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. आज त्याची प्रत आपल्याकडील महाविद्यालयीन ग्रंथालयांत सहसा आढळत नाही. ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासक्रमात येते, बालकवींच्या कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून पाठ होतात. टिळक ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून एका गुणाच्या प्रश्नात उरतात. तीन हातांनी लिहिलेला हा ग्रंथ मात्र कोणत्याच विभागाच्या कपाटात बसत नाही, आणि तो मागवावयाचा असल्यास मराठी विभागाने मागवावा की इतिहास विभागाने, हेही अजून ठरलेले नाही.